एलिसेओकाकांची बोटं आणि तुसाची पूड

बोगोता, २ मे २००४

ति. ओतिलियामावशीस,
यादिराचा सा. न. वि. वि.

बाटलीतलं तेल आणि पाणी तीस दिवसांनंतरही वेगळं झालेलं नाही. काल प्रयोगशाळेत माझ्या आर्सेसिओ सरांनी बाटली उजेडात धरून, पट्टी लावून स्वतः खात्री केली. मावशी, ही किमया तुमच्या एस्पिनालच्या गिरणीतल्या भाताच्या तुसाची! त्याच्या राखेतून सिलिकाची पूड काढली आणि कणांवर पातळ लेप चढवला. आता ते कण धड पाण्याचे नाहीत, धड तेलाचे नाहीत. दोघांच्या सीमेवर दाटी करून बसतात आणि थेंबाला थेंब मिळू देत नाहीत. म्हणून यापासून केलेल्या हातांच्या क्रीममध्ये साबणासारखं काही घालावं लागत नाही. काकांच्या भेगाळलेल्या हातांना नेमकं तेच झोंबतं ना?

पूड बसने पाठवते आहे. एक वाटी अवोकाडोचं तेल, दोन वाट्या पाणी, चार चमचे पूड, ज्यूसच्या मिक्सरमध्ये. कोरडी पूड नाकात जाऊ देऊ नकोस. थोडंथोडंच कर, गार जागी ठेव आणि आधी नर्सबाईंना दाखव. सान पेद्रोच्या सणाला, २९ जूनला, काकांनी चौकात त्यांचं तारांचं तिप्ले वाजवायलाच हवं.

तुझ्या मायेची हक्कदार,
यादिरा

एस्पिनाल, १२ मे

चि. यादिरास अनेक आशीर्वाद.

झोंबलं नाही, हे आधी सांगते. नूबिया नर्सने मनगटावर लावून दोन दिवस वाट पाहिली, मगच हो म्हणाली. पण क्रीम कसलं गं, चरबीचा गोळा! हात धुवावा तर पाणी वरून घरंगळतं, आणि तिप्लेच्या बारा तारांवरून बोटं सटकतात. तुझे काका म्हणतात, भाचीने मला तळायला काढलंय. भेगा तशाच आहेत. वाद्यवृंदाचे मास्तर २० जूनला नावं पक्की करणार, नाहीतर काकांच्या खुर्चीवर दुसरा बसेल. चाळीस वर्षांत ती खुर्ची कधी दुसऱ्याला गेली नाही. काकांनी तर वाद्याची पेटी पलंगाखाली सरकवून ठेवलीय.

माझं काही चुकलेलं नाही. भाताला रंग यावा म्हणून आच्योतेची पूड तेलात घालतो तशी तुझी पूड आधी तेलात घोळवली, मग पाणी ओतलं. स्वयंपाक मला शिकवू नकोस.

रागावले तरी तुझीच,
ओतिलियामावशी

बोगोता, १५ मे

ति. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून सर इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, मावशींचा प्रयोग प्रबंधात घाल. चूक माझीच, आधी काय घालायचं ते लिहिलंच नाही. ही पूड आधी ज्यात भिजते त्याचीच बाजू घेते. तेलात भिजली, म्हणून पाण्याचे थेंब तेलात कोंडले गेले. आपल्याला तेलाचे थेंब पाण्यात हवेत. तेव्हा आधी पाणी, त्यात पूड, मिक्सर फिरव आणि मग तेल बारीक धारेने. चमचाभर पेल्यातल्या पाण्यात टाकून बघ. दुधासारखं पसरलं तर जमलं, गोळा राहिला तर पुन्हा कर.

काकांना सांग, तळण बंद. पेटी बाहेर काढायला लाव.

कान धरून,
यादिरा

एस्पिनाल, १८ जून

चि. यादिरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावरही मी एकदा हट्टाने तेलातच करून पाहिलं. गोळा राहिला. मग निमूट पाण्यात केलं, आणि पेल्यात कसं दुधासारखं पसरलं म्हणून सांगू! नूबियाने आज हात तपासले. डाव्या हाताच्या भेगा भरल्या आहेत, उजव्या अंगठ्याची एक बाकी आहे. ती म्हणते, दोन चालींपुरता हात टिकेल, जास्त ताणलं तर पुन्हा फाटेल.

त्यानंतर मास्तर घरी येऊन ऐकून गेले. खुर्ची काकांचीच राहिली. पण वाजवायच्या आहेत तीन चाली. काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की दोन ते वाजवतील आणि तिसरीला तिप्ले तुझ्या हातात देतील, कारण लहानपणी ती चाल त्यांनीच तुला शिकवली होती. मी म्हटलं, पोरीने चार वर्षांत तारेला बोट लावलेलं नाही. तर म्हणतात कसे, मग काय, अजून अकरा दिवस आहेत तिला.

तेव्हा सरांकडून रजा घे आणि रविवारच्या बसने ये.

वाट पाहणारी,
ओतिलियामावशी