नाहीचं बटन

११ नोव्हेंबर, सोमवार

आजही नाही चाललं! मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये सहा बटनं बनवली — पाणी, चहा, दुखते, संडास, हो, नाही. कोणतंही दाबा, मोबाईल एकच बोलतो — ‘नाही’.

मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातात दिला होता. लकवा झाल्यापासून त्यांची वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. समजतं मात्र सगळं. त्यांनी ‘पाणी’ दाबलं. ‘नाही’. पुन्हा दाबलं. ‘नाही’. मोबाईल गादीवर पालथा टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सासूबाई म्हणाल्या, “एवढं डोकं कायले खपवून राहिली वं डिंपल? मले समजते ना त्याईले काय पायजे ते!”

समजत नाही. काल त्यांना चहा हवा होता. सासूबाईंनी स्वेटर घातला.

१३ नोव्हेंबर

कोडिंग शिकवणारा व्हिडिओतला माणूस दर दोन मिनिटांनी म्हणतो, ‘इट्स व्हेरी सिंपल’. बंद केला.

१५ नोव्हेंबर

धनंजय पहिल्या पाळीवरून आला, नवऱ्याच्या हक्कानं माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली. “शाळेतले पोट्टे गेम बनवून राहिले, अन् तू सहा बटनांत अटकली.” हसत म्हणाला. मीही हसले. मग मागे जाऊन वाळलेले कपडे काढले. ते काम तरी पूर्ण होतं.

१८ नोव्हेंबर

आज सगळं उडालं. जुनी फाईल समजून नवीच डिलीट केली. मग भात लावला. दुपारी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. रडू आलं नाही, याचंच नवल वाटलं. दुसऱ्यांदा लिहिताना हात कमी अडखळतो, हे खरं.

२१ नोव्हेंबर

चाललं!! इंटरनेटवर प्रश्न टाकला होता. कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं — एक शब्द काढ, त्या जागी हा दुसरा घाल. इतकंच! सगळी बटनं शेवटच्याच आवाजाला चिकटत होती. का, ते अजून अर्धंच कळलं आहे.

मोबाईलची बाई ‘मला पाणी हवे आहे’ म्हणते, तर मामाजी तिच्याकडे पाहतही नाहीत. म्हणून राखीकडून सगळं आपल्या बोलीत रेकॉर्ड करून घेतलं. नणंद माझी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भंडाऱ्याहून कॉलेज करून आली की बापाला तीच भरवते, दिवसभराचं सगळं सांगत बसते.

२४ नोव्हेंबर

मामाजींनी ‘चहा’ दाबलं. चहा मिळाला. पिऊन झाल्यावर पुन्हा ‘चहा’. “हे काय देऊन ठेवलं तू त्याईले!” सासूबाई म्हणाल्या. पण आधण ठेवलं.

२९ नोव्हेंबर

राखीला सिहोऱ्याचं स्थळ आलं आहे. जेवताना धनंजय सांगत होता — घरची धानाची शेती, दुकान, मुलगा एकटाच. नर्सिंग मात्र सोडावं लागेल, असं त्यांचं म्हणणं.

पलंगावरून आवाज आला, ‘नाही’. धनंजय थांबला. पुन्हा, ‘नाही’.

“बिघडलं तुझं मशीन.”

३० नोव्हेंबर

ओळ न् ओळ तपासली. माझ्या हातात सगळी बटनं बरोबर बोलतात. सकाळी त्यांच्याही हातात बरोबर — चहा, पाणी. संध्याकाळी पुन्हा ‘नाही’, ‘नाही’. जुनीच चूक परत आली असणार. मला वाटलं होतं मला जमलं!

४ डिसेंबर

बोट घसरत असेल म्हणून बटनं मोठी केली. ‘नाही’ पार वरच्या कोपऱ्यात नेलं. आज धनंजय स्थळाचं बोलत होता, तेव्हा मामाजींचा हात सरकत सरकत वरपर्यंत गेला. ‘नाही’.

“रविवारी पाहुणे येऊन राहिले. तेवढा वेळ तो मोबाईल कपाटात ठेव,” धनंजय म्हणाला. “तमाशा नको.”

बरं म्हणाले. न चालणाऱ्या वस्तूची जागा कपाटातच.

८ डिसेंबर, रविवार

मोबाईल घ्यायला गेले, तर मामाजींनी सोडला नाही. पाहुण्यांसमोर ओढाताण नको म्हणून राहू दिला.

मुलाचे काका म्हणाले, “मंग पक्कं समजायचं ना?”

‘नाही.’

“बिघडला हो तो मोबाईल,” धनंजय घाईनं म्हणाला. मी खाली मान घातली.

राखीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. “बिघडला नाही, दादा. मले नर्सिंग सोडायचं नाही. बाबाले तेवढं सांगितलं होतं. बाकी कोणाले सांगायची हिंमतच नाही झाली.”

मामाजींनी ‘हो’ दाबलं.