सातातले पाच फवारे

तारीख १४, गुरुवार

भिंगरी,

आजीचा आशीर्वाद घे. मी बरी आहे. गुडघे आपल्या जागी आहेत आणि दुखतायत. तुझ्या खिडकीतलं रोप जगलंय. तू घर सोडून गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. धड जेवतेस की नुसत्या चहावर आहेस, ते कळव. अक्षर लागेल तसं वाच, चौथीपुढे मला कुणी बसू दिलं नाही.

त्या चाचणीच्या दिवशी तू मला तुमच्या केंद्रात काचेमागे पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलंस. पडद्यावर पृथ्वीभोवती फिरणारी ती इंधनाची टाकी, आणि खाली तू बटणं दाबत होतीस. आधी घरी मला नीट समजावलं होतंस. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचतो आणि उडून जातो. तुमचं इंधन इतकं गार की त्याला साधी टाकीसुद्धा तापलेला तवाच. म्हणून आधी थोडा फवारा मारायचा, थांबायचं, वाफ बाहेर सोडायची, मग पुन्हा फवारा. असं सात वेळा. टाकीची भिंत गार झाली की मगच भरायचं.

मी बोटांवर मोजत होते. पाच झाले आणि तू भरायला घेतलंस. दाबाचे आकडे भराभर चढले, टाकीनं पांढरी पिचकारी सोडली आणि ती भोवऱ्यासारखी गरगरायला लागली. वर माणूस नव्हतं, एवढंच बरं. माझ्या हातातला चहा मांडीवर कधी सांडला ते कळलं नाही. तू मागे वळून बघितलंस. माझ्याकडे नाही, बापाकडे. तुझा साहेब म्हणून तोच उभा होता ना तिथे.

परवा चौकशीत त्यानं सांगितलं, निर्णय तिचा. तू हो म्हणून मान हलवलीस म्हणे.

काल सकाळी तो पावाला लोणी लावत होता. मी म्हटलं, "अरे, त्या दिवशी इथेच बसून तू तिला पाचच मार म्हणालास ना?"

"कधी?" म्हणाला.

आणि लोणी अगदी कडेपर्यंत लावलं. लहानपणापासून तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. काल झाले नाहीत. मी बघतच राहिले. आपलं खोटं त्याला आता खरंच वाटायला लागलंय.

इथवर लिहून पाकीट चिकटवलं होतं. परत फोडलं.

त्या सकाळी तू म्हणालीस, "बाबा, भिंत गरम राहील." तो म्हणाला, "वरचे साहेब बघायला येतायत, सातांना वेळ नाही, घोळ घालू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हटलं, "बाप सांगतोय तर ऐक, फाटे फोडू नकोस."

मला टाकीतलं काय कळतं. तरी तोंड उघडलं.

आज बसनं चौकशीच्या कचेरीत गेले. टेबलावरची बाई म्हणाली, "आजी, कुणाच्या बाजूनं बोलायचंय?"

"माझ्या कानांच्या. ऐकलं तेवढं सांगायचंय. बोलले तेही."

"नातं काय लिहू?"

"दोघांचंही लिही."

सोमवारी अकरा वाजता बोलावलंय. संध्याकाळी तुझ्या बापाला सांगितलं, तर भरल्या ताटावरून उठला. ताट झाकून ठेवलंय.

तू मान हलवणं बंद कर.

तुझी आजी,
आणि त्याची आई