डबी लपवली ती लपवलीच

तारनाका, १२ डिसेंबर १९९६, संध्याकाळ

प्राणायामाच्या वर्गात मीच फुशारकी मारली होती, नुसत्या अनुलोम-विलोमाने आणि ध्यानाने माझं हृदय ताळ्यावर आलं म्हणून. दाढीच्या सामानामागे लपवलेली गोळ्यांची डबी? ती सांगितलीच नाही. रोज त्यातली गोळी घेऊनच वर्गाला जातो मी.

आज वर्गातले रेड्डीगारू खुशीत म्हणाले, "जोशीसाब, मैं बी आठ दिन से गोल्यां छोड़ दिया. आपकोच देख को." बायपास झालेला माणूस! आणि मी मान डोलावली. तिथेच का नाही बोललो? लाज वाटली, दुसरं काय.

आता डबी समोर ठेवून रेड्डीगारूंच्या घरी फोन लावतोय. सगळं सांगणार आहे. चारदा लावला. नुसती घंटा वाजते.

सात माणसांचं घर आहे ते, रिकामं कधीच नसतं.