लाल झाकणाचं पातेलं

प्रिय जावईबापू,

पातेलं पोचलं. लेकीनं ते टॉवेलात गुंडाळून आणलं आणि सोबत तुमची चिठ्ठी दिली. आईनं हे फक्त तुमच्यासाठी ठेवलं होतं, यात दुसरं काही शिजवू दिलं नाही, आता तुमच्याकडेच असू द्या, असं तुम्ही लिहिलंय. दोन दिवस ते माझ्या ओट्यावर तसंच आहे. झाकण लाल, आणि कुणी चुकून दुसऱ्या कामाला घेऊ नये म्हणून कडीला चिंधी बांधलेली. मी त्यात पाणीसुद्धा तापवलेलं नाही. कारण सांगते, पण जरा दमानं घ्या. औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईला गोळी हातात देण्याआधी चार सूचना द्यायची खोड असते.

लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आले होते, आठवतं? कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज दोनशे माणसांना जेवू घालणारी तुमची आई. तिला चार पाहुणे म्हणजे काहीच नव्हतं. तरी माझ्यापुढे ठेवायचं ताट तिनं दोनदा पुसून घेतलं. घरभर भाजलेल्या लसणाचा वास होता. आणि मी पिशवीतून माझा डबा काढला. पोटात व्रण आहे म्हणाले, डॉक्टरांनी बाहेरचं सगळं बंद केलंय. कोणती गोळी, कितीदा, जेवणाआधी की नंतर, तेही सांगितलं. विहीणबाईंनी लगेच कागद-पेन्सिल आणली आणि मला काय चालतं ते लिहून घेऊ लागल्या. तिखट नको, तेल नको, मीठ बेताचं. मी सुचेल ते सांगत गेले.

पुढच्या खेपेला हे पातेलं हजर. कधी मऊ भात, कधी उकडलेला भोपळा, एकदा तर गाजराचं सूप दोनदा गाळून. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं आणि डबा उघडला. अकरा वर्षं! एकदा त्या कांदा परतत होत्या. माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की मी आवंढा गिळला. त्यांना वाटलं, वासानं मला मळमळतंय. त्यांनी तडक गॅस बंद केला आणि त्या दिवशी माझ्यापायी तुम्ही सगळ्यांनी कच्चट भाजी खाल्लीत. मी मान खाली घालून माझी गार भाजी चिवडत बसले. माझ्यासाठी रांधलेलं ते अळणी मी गेल्यावर त्या स्वतःच खायच्या, हे लेकीनं मला परवा सांगितलं.

तुमच्या आईला शेवटचं पोचवून आलो त्या दुपारी सगळे जेवायला बसलो. डबा तेव्हाही माझ्या मांडीवर होता, काय सांगू तुम्हाला. मी एरवी तुमच्या प्रार्थनेच्या वेळी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभी राहायची. त्या दिवशी गर्दीत उठता आलं नाही. आईच्या जागी बसून तुम्ही प्रार्थना म्हणालात. अन्नाबद्दल आभार, भुकेल्यांना घास मिळो, आणि मग शेवटी, आईच्याच शब्दांत, आमच्या विहीणबाईंचं पोट बरं होऊ दे. तशातही तुम्ही ते वाक्य गाळलं नाहीत. बाकीच्यांनीही ते तुमच्याबरोबर म्हटलं, म्हणजे सवयीचंच होतं. मी डबा न उघडता घरी आले. भूक नाही म्हणाले, आणि त्या घरात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

जावईबापू, माझ्या पोटात कधीच व्रण नव्हता. ज्या घरात आपल्या देवाचं नाव नाही तिथलं पाणीही घ्यायचं नाही, असा माझ्या आईनं घालून दिलेला नेम होता. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आजाराचं सोंग घेतलं, आणि वर मीच समजूतदार म्हणून मिरवले. दुकानात मात्र रोज चहाबरोबर बिस्किटं खायचे, ती कुणी भाजली हे कधी विचारलं नाही. लेकीला सगळं माहीत होतं. तिला मी माझीच शपथ घातली होती, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिला एक शब्द बोलू नका. एका बाईनं अकरा वर्षं रोज देवाकडे माझ्यासाठी मागितलं, आणि तो देव माझा नाही म्हणून मी तिच्या हातचा घास नाकारला. मला फार लाज वाटते.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की उद्या तुम्ही परत जेवायला बसाल आणि ते वाक्य म्हणाल. नका म्हणू. मी ठणठणीत आहे. हे वाचूनही मला दारात उभं करावंसं वाटलं, तर रविवारी हे पातेलं घेऊन येईन. डबा आणणार नाही. चिंधी सोडा आणि तुमच्या घरात सगळ्यांसाठी जे शिजतं ते त्यात शिजवा, भरपूर लसूण घालून. प्रार्थना चालू असताना मी जागची उठणार नाही. ते वाक्य गाळल्यावर जी जागा रिकामी राहील, तिथे मला तुमच्या आईची माफी मागू द्या.

तुमचीच,
धडधाकट सासू