डावं-उजवं आणि घरकाम

२ मार्च
आजपासून घरातल्या कॉम्प्युटरची सूत्रं माझ्या हाती. मुलीने सासरी परत जाण्याआधी फाइल मॅनेजर टाकून दिला. शेजारी शेजारी दोन खाने. डावीकडे कॉम्प्युटर, उजवीकडे बाहेरची डिस्क. जन्मभर कारखान्याचं भांडार सांभाळलेल्या माणसाला यात शिकायचं काय? बायको म्हणाली, तुम्हाला डावं-उजवं कळतं कुठे. दुर्लक्ष केलं.

४ मार्च
पाहणी केली. बायकोच्या फाइली म्हणजे सावळा गोंधळ. ‘पुस्तक’ या फोल्डरमध्ये तिचं शिवणकामाचं पुस्तक. कित्येक वर्षं लिहितेय, शुक्रवारी प्रकाशकाकडे द्यायचंय. शेजारी ‘घरकाम’ नावाचं फोल्डर. त्यात डोकावलोही नाही. ते खातं तिचं.

५ मार्च, दुपारी
डिस्कवर पुस्तकाची मागच्या वर्षीची प्रत आहे. तिच्या जागी ताजी ठेवायचं ठरवलं. मुलगी सांगत होती, ज्या खान्यात क्लिक कराल तो उजळतो, आणि... पुढचं ऐकायची गरज पडली नाही. पाहुणा यायचा असतो त्या घरात दिवा लावतात. म्हणजे उजळ खाना यजमानाचा, माल तिथे उतरणार. उजवा उजळला, कॉपी दाबलं. ओव्हरराइट करू का, असं विचारलं. राइट म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार. सगळ्याला होकार दिला. चुटकीसरशी काम.

५ मार्च, चहानंतर
पुस्तक उघडलं. कॉलरपाशी संपतं. बाह्या नाहीत, खिसे नाहीत, काज-बटणं नाहीत. डिस्कवरचं जुनं पुस्तक कॉम्प्युटरवरच्या नव्याच्या उरावर येऊन बसलंय. चूक प्रोग्रामची. दिवा कोणत्या घरात लावायचा एवढी रीत ठाऊक नाही.

६ मार्च
मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, उजळ खान्यातून माल उचलला जातो, हेच सांगत होते. आणि आईला सांगून टाका. सांगेन, योग्य वेळी. तोवर बाह्यांचा धडा स्वतःच लिहायला घेतला. ‘बाही म्हणजे हात घालायची जागा.’ पुढे सुचेना. तसंही हल्ली बिनबाह्यांचीच फॅशन आहे.

७ मार्च
भीती वाटते. बायको मशीनवर बसून नमुन्याची बाही उसवत होती. जरासा झोळ पडला होता, तेवढ्यासाठी न वैतागता पुन्हा शिवली. इतक्या वर्षांच्या तिच्या कामाचं मी काय करून ठेवलं? जेवणात लक्ष लागलं नाही. भाजी मात्र ठीक होती.

८ मार्च, शुक्रवार
सांगितलं, एका दमात. आधी प्रोग्रामचा दोष, मग ओझरता माझा. सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, ती प्रत जुनीच होती. तुम्ही कॉम्प्युटर हाती घेणार म्हटल्यावर खरं पुस्तक हलवलं. कुठे, विचारलं. म्हणाली, ‘घरकाम’मध्ये. त्याला तुम्ही जन्मात हात लावला नाहीत.

उघडून पाहिलं. बाह्या, खिसे, काज-बटणं, सगळं जागच्या जागी. म्हणजे पुस्तक वाचलं ते माझ्याच सवयीमुळे. पण हे कोणी बोलून दाखवणार नाही.

ती प्रकाशकाकडे निघाली. जाताना म्हणाली, घरकाम उघडलंच आहे तर भांडीही घासून टाका. टाकली. डावीकडे खरकटी, उजवीकडे घासलेली. दोन खाने, साधं काम. आल्यावर तिने एक पातेलं उचलून पाहिलं आणि सगळी पुन्हा घासायला लावली.