मोफत विभागाबद्दल, आईच्या पत्रिकेसह

महागाव,
१३ नोव्हेंबर २००६

आदरणीय रवी भाऊजी,

सविनय जयभीम. तुमची, शीलाताईची आणि पुण्याच्या थंडीची खुशाली कळवावी. इकडे सगळे बरे. (कापसाचा भाव विचारू नये.) आई जाऊन आज महिना झाला. घर शांत आहे. मी मुळातच कमी बोलतो, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तुम्ही मला तुमच्या फोरमवर सात दिवस लिहायला बंदी केली. कारण एवढंच, की ‘मोफत सॉफ्टवेअर’ विभागात ट्रायल आणि शेअरवेअर (चार दिवस चालून मग पैसे मागणारे प्रोग्राम) ठेवू नका, असं मी चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा इथे लिहितो; पोस्टाला बंदी नाही. आईच्या पुण्यानुमोदनाची (स्मरणाच्या कार्यक्रमाची) पत्रिका मी त्याच विभागातल्या प्रोग्रामवर केली. ताईच्या लग्नातल्या फोटोतून बाकीची माणसं (तुम्हीही होतात) पुसून आईला एकटी काढायला सात दिवस गेले. पडद्यावर सुंदर दिसली. छापल्यावर तोंडावर तिरकं काहीतरी पुसट आलं. मला वाटलं, प्रिंटरची धूळ. झेरॉक्सवाल्याने दोनशे प्रती गडद काढल्या (हेतू चांगला होता) आणि आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत अक्षरं उमटली : ‘नमुना प्रत. मूळ प्रत विकत घ्या.’ दुरुस्तीला बसलो, तर प्रोग्राम म्हणाला, तुमचे सात दिवस संपले. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. पत्रिका तशाच वाटल्या. शेजारच्या उकंडाकाकांनी चष्मा लावून वाचली आणि भर मंडपात विचारलं, “काहून रे धम्म्या, हे तुळसाबाई नमुना हाय, तं मूळ प्रत कुठी भेटते?” लोक हसले. मलाही हसू आलं. मग मी मागे जाऊन बसलो.

तुमचं म्हणणं, डाउनलोडला पैसे पडत नाहीत म्हणजे मोफतच. पंगतीला बसवायचं, तिसऱ्या घासाला ताट ओढायचं आणि म्हणायचं, बसायचे कुठे पैसे घेतले? विकणाऱ्याने जरूर विकावं, त्यालाही पोट आहे. पण वेगळ्या विभागात, वर मुदत लिहून. जावई म्हणून तुमचा मान आहे तसाच राहील. फोरमचे पर्यवेक्षक म्हणून मी तुमचं ऐकणार नाही. शनिवारी बंदी उठेल, रविवारी तेच लिहीन.

आपला,
धम्मरत्न

ता.क. उकंडाकाकांनी पत्रिका भिंतीला लावली आहे. परत मागितली तर म्हणाले, “राहू दे. मी तुळसाले पाहून राह्यलो, लिहेल कायले वाचू?”

ता.क. २ : रविवारी मी तो प्रोग्राम काढा म्हणेन, तेव्हा ऐकू नका. आईचा एकटीचा फोटो त्याच्याच फाइलमध्ये अडकला आहे, दुसऱ्या कशात उघडत नाही. सोमवारी आमच्या शाळेतला दुसरा संगणक मिळेल, त्यावर प्रोग्राम पुन्हा उतरवला की नवे सात दिवस मिळतील. फोटो बाहेर काढायचं काम अर्ध्या तासाचं आहे. पण मला सातही लागतील.