नव्वदच्या आत

६ जानेवारी
ठरलं. धाकट्या भावाला माझी किडनी. ताईचीही जुळते, पण ती साठीला टेकलेली, आणि घरातला कर्ता पुरुष मी. सगळ्यांसमोर छाती पुढे काढून म्हणालो की माझी घ्या. धाकट्याची बायको रडली. ताईने पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरांची अट एकच. वजन शहाण्णव आहे ते नव्वदच्या आत आणा, त्याशिवाय टेबलावर घेणार नाही. सहा किलो म्हणजे डाव्या हातचा मळ. चार महिने दिलेत. मला दोन पुरे.

८ जानेवारी, रात्री
बाहेरचं खाणं बंद. घरचं, पौष्टिक, आणि मीच शिजवणार. हिचा हात तेलाला सैल, हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय.
आज भाज्यांचं सूप. चव बघायला दोन वाट्या घेतल्या, मग जेवण म्हणून दोन. फारच पचपचीत लागलं तेव्हा लोणी टाकलं. डाएटवाल्या मॅडम म्हणाल्याच होत्या की चांगली चरबी शरीराला लागते. ही चांगली कशावरून, असं हिने विचारलं. लोणी घरचं होतं.

१५ जानेवारी
शहाण्णव. काटा फरशीवर नीट बसत नाही. सतरंजीवर ठेवला तर पंचाण्णव दाखवतो. यापुढे सतरंजीवरच.

२ फेब्रुवारी
मी शिंपी आहे. मला काट्याची गरजच काय? टेप आहे. श्वास रोखून कंबर घेतली, दीड इंच कमी! टेप खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं.
बसताना पँट काचते म्हणून कमरेच्या शिवणीतली माया सोडली. आत दुमडलेलं जास्तीचं कापड अशा वेळेसाठीच ठेवायचं असतं.

९ फेब्रुवारी
पँट सैल! दुकानात येईल त्याला दाखवली. समोरचा चष्मेवाला म्हणाला की शिलाई नवी दिसते. त्याला नको तिथे बारीक दिसतं.

२० फेब्रुवारी
धाकटा आला होता. मशीनवर रक्त साफ करून घेतलं की दिवसभर पडून राहतो, आज कसाबसा आला. पँट आत घ्यायची होती. दुसऱ्यांदा. टाचणी लावताना त्याच्या कमरेचं हाड हाताला लागलं. वाईट वाटलं. ज्याला नको त्याचं उतरतंय आणि ज्याला हवं त्याचं हलत नाही. वरच्याला मापच घेता येत नाही.
माझं डाएट कसं चाललंय, हे त्याने एका शब्दाने विचारलं नाही. कोणासाठी चाललंय हे सगळं? चहाबरोबरची बिस्किटं त्याला चालत नाहीत. पुडा उघडलेला होता, सादळला असता. संपवला.

५ मार्च
डॉक्टरांना विचारलं की कुठून कापता आणि कशाने शिवता. धंद्यातली चौकशी, दुसरं काही नाही. त्यांनी माझ्या कुशीवरून बोटाने रेघ ओढून दाखवली. बोट गार होतं. म्हणाले की घाबरण्यासारखं काही नसतं. घाबरलंय कोण? मला अजिबात भीती वाटत नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.
येताना बेकरीत थांबलो. एकदम अशक्तपणा आला होता. अख्खा केक तिथेच उभ्याने खाल्ला. घरी नेऊन बाकीच्यांना कशाला मोहात पाडा?

१९ मार्च
नवी पद्धत. सूर्य मावळायच्या आत जेवण, नंतर उपाशी. फारच भूक लागली तर मॅडमनी मूठभर बदाम सांगितलेत. माझी मूठ मोठी, त्याला मी काय करू?
साखर पूर्ण बंद, त्याऐवजी मध. बरणी संपली.
सकाळी चालायला जाणार होतो. गुडघा नाही म्हणाला.

२ एप्रिल
हॉस्पिटलच्या काट्यावर अठ्ठ्याण्णव. तिथे सतरंजी नाही. काटा जास्त दाखवतो, असं नर्सला स्पष्ट सांगितलं. म्हणाली की सगळेच असं म्हणतात.
डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले की मनातून द्यायची नसेल तर तसं सांगा, लाज कसली त्यात. घरच्यांना आम्ही कारण सांगत नाही, तुम्ही तपासणीत बसत नाही एवढंच सांगतो. अपमान! मला, कर्त्या पुरुषाला! महिन्याभरात करून दाखवतो म्हणालो आणि ताडकन उठलो. बाहेर धाकट्याची बायको बसलेली. तिने काहीच विचारलं नाही. भाऊजी, पाणी घ्या, म्हणाली. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल
ताई आली, कपड्यांची बॅग घेऊनच. म्हणाली की धाकट्याला आता आणखी थांबता येणार नाही, मी देते, तू आपला पोटभर जेव. मी दोन आठवडे मागितले. तर म्हणते, लहानपणी इंजेक्शनवाला आला की तू पलंगाखाली जायचास, तेव्हाही मीच आधी टोचून घ्यायचे. वर हसली. त्याचा इथे काय संबंध? आणि ही खुशाल भाजी निवडत बसली. इतक्या जवळ आलो होतो. तोंडचा घास काढून घेतला माझ्या.

३ मे
डाएट बंद, कारणच उरलं नाही. काटा माळ्यावर टाकला. आता मनसोक्त खाणार. हिने सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. चव नव्हती. हिचा हात बिघडला. निम्मं ताटात राहिलं.

२५ मे
जेवण नकोसं होतं. उन्हाळा असेल. पँटला बेल्ट लागतो. हल्लीचं कापडच झोळ धरतं. चष्मेवाला कमरेकडे बघून गेला.

११ जून, दुपारी, हॉस्पिटलचं कँटीन
ताई आणि धाकटा सकाळपासून आत आहेत. नातेवाइकांनी रक्त द्यायचं असतं म्हणून मला खाली पाठवलं. सुई टोचायच्या आधी वजन करतात. नर्सने आकडा मोठ्याने वाचला. एकोणनव्वद.
ही मागेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. काटा कमी दाखवतो, असं मी नर्सला सांगितलं. ती म्हणाली की असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं.
रक्त दिलं. डोळे मिटले होते. मुंगी चावल्यासारखं वाटलं. एवढंच असतं होय?
आता डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की दोघांचं नीट झालं. ही आणि धाकट्याची बायको एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी हिला म्हणालो की मला भूक लागलीय आणि इथे येऊन बसलो. सँडविच घेतलंय, केक घेतलाय, वर दूध. घास नुसता तोंडात फिरतोय, पाण्याने ढकलतोय. कंबर दिसू नये म्हणून शर्ट बाहेर काढलाय. धाकटा शुद्धीवर आला की मला बघणार. तो हिंडाफिरायला लागायच्या आत नव्वदच्या वर जायला हवं. उद्यापासून नक्की.